गाडी माझी, हौस त्याची

कंबरेच्या ऑपरेशननंतर आज आईला नोएडाच्या हॉस्पिटलमधून फरीदाबादला घरी आणलं. गाडी माझी, जुनी. चालवत होता नवरा.

पहिल्याच स्पीड ब्रेकरला आई कळवळली. मी त्याच्याकडे पाहिलं.

"अगं, सरप्राइज होतं! करोल बागेतून याच गाडीच्या स्पोर्ट्स मॉडेलचे शॉकर आणि स्प्रिंगा आणून बसवल्यात. जरा कडक आहेत, पण वळणावर गाडी बिल्कुल झुकत नाही!"

"मला विचारलंस?"

"यार, तुझ्याच गाडीसाठी केलं ना?"

उरलेला रस्ता आई दात आवळून बसली. उतरताना माझ्या कानात म्हणाली, "जावयांना काही बोलू नकोस. हौसेनं केलंय त्यांनी."

मी बोलले नाही. राग माझ्या या न बोलण्याचाच येतोय. मैत्रिणींनो, तुम्हालाही आईनंच गप्प बसायला शिकवलं का?