तिसऱ्या पायरीवरचा थोरात

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माणसांवरही बेताचाच होता. घरात मला ‘इन्स्पेक्टर साहेब’ म्हणतात. दूधवाला एक मिनिट उशिरा आला तरी मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तेव्हा पुढे लिहिलंय ते वाचून, म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं कुणी म्हणालं तर माझी हरकत नाही... तसा संशय मी स्वतःवरही घेऊन पाहिला आहे.

ही रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातली गोष्ट. मी आणि थोरात दिल्लीत एकाच सरकारी खात्यात होतो, बंदरांचे नकाशे काढायचो. दौऱ्यावर जिथे जाऊ तिथले जुने धक्के, घाट, पाण्याकाठच्या गल्ल्या यांचे फोटो काढायचे, हा आमचा छंद. इस्तंबूल झालं, लिस्बन झालं. पद्धत ठरलेली होती — जुना फोटो शोधायचा, तो जिथून काढला असेल तीच जागा गाठायची आणि आजचा फोटो घ्यायचा. माप कळावं म्हणून थोरात फ्रेममध्ये उभा राहायचा. पाच फूट सात इंच! आमची चालतीबोलती फूटपट्टी. डावा हात खांबावर, मान ताठ, गळ्यात तोच मरून मफलर. मी “हलू नकोस” म्हटलं की पठ्ठ्या श्वाससुद्धा धरून ठेवायचा.

नोएडातल्या आमच्या मराठी मंडळाने या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. फॉर्म थोरात भरणार होता. मला तो दाखवायला मात्र त्याची टाळाटाळ चालली होती. “होईल यार, तू कशाला टेन्शन घेतोस?” झालं... माझ्या डोक्यात किडा शिरला. पंचवीस वर्षं कॅमेऱ्यामागे मी, आणि प्रत्येक फोटोत दिसतो हा. नावही आता हाच लावणार!

यमुना बाजारच्या घाटाचा एकच फोटो राहिला होता. रविवारी दोघांनी जायचं ठरलं होतं. पण त्याआधी संक्रांत होती आणि मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणार होती. मी सर्दीचं निमित्त सांगून बस चुकवली आणि सकाळी आठला एकटाच घाटावर गेलो. निदान हा एक फोटो तरी फक्त माझा, असं मनात होतं. लाज वाटते लिहिताना, पण तसं होतं खरं.

धुकं होतं. पायऱ्यांवर पांढरे सीगल ओळीने बसले होते. तिसऱ्या पायरीवर, घाटावरच्या दगडी छत्रीच्या खांबाजवळ, त्या ओळीत एका माणसापुरती जागा मोकळी होती. बरं दिसतंय, इतकंच मनात आलं. नवा रोल तिथेच डबी फोडून भरला आणि चार फोटो काढले. ओळखीच्या चहावाल्याने दोन ग्लास आणून ठेवले.

“आज अकेला हूँ,” मी म्हणालो.

“अच्छा?” त्याने घाटाकडे पाहिलं आणि एक ग्लास उचलून नेला.

चार दिवसांनी प्रिंट हातात आल्या. चारही फोटोंत तिसऱ्या पायरीवर थोरात उभा. डावा हात खांबावर, मरून मफलर, दोन्ही बाजूंना सीगल. मी नकाशेवाला माणूस, लगेच पट्टी लावली. पाच फूट सात इंच. आधी फोटोवाल्यावर भडकलो, मग निगेटिव्ह भिंगाखाली घातली. जुन्या फोटोवर नवा चढला म्हणावं, तर रोल कोरा होता. म्हणजे हा माझ्या मागावर आला होता! धुक्यात दडून, माझ्या फ्रेममध्ये घुसून, माझीच थट्टा!

तसाच त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दारातच तिळगूळ हातावर ठेवला. मी तो खिशात टाकला आणि प्रिंट टेबलावर आपटल्या.

“हे काय आहे, थोरात? संक्रांतीच्या सकाळी तू घाटावर काय करत होतास?”

“अहो भावजी, हे तर पहाटेच बसने गेले होते,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मंडळाचा ग्रुप फोटो आणून दाखवला. काला अंबचं स्मारक, चाळीसेक माणसं, आणि मधोमध थोरात. मफलर नव्हता. तो बसमध्येच राहिला होता, असं वहिनी म्हणाल्या. बस दिल्लीतून सहालाच निघाली होती.

थोरात मात्र माझ्या प्रिंट बघत होता. चारही बघितल्या, परत पहिली घेतली. मला वाटलं आता दचकेल, देवाचं नाव घेईल, नाहीतर हसेल तरी. त्याला त्या पायरीवरच्या माणसाचं काहीच वाटलं नाही.

“तुला तर सर्दी होती ना?” त्याने विचारलं.

मी खिशातला तिळगूळ चाचपला.

“मला न सांगता गेलास?”

मग उठून त्याने कपाटातून फॉर्म काढला. छायाचित्रकार या रकान्यात माझं एकट्याचं नाव होतं, त्याच्या टपोऱ्या अक्षरात. “सरप्राइज द्यायचं होतं रे,” तो म्हणाला आणि फॉर्म माझ्यासमोर ठेवून आत निघून गेला. चहा आला, पण तो बाहेर आला नाही.

प्रदर्शन झालं, लोकांनी वाहवा केली. थोरात आला नाही. पुढे निवृत्त होऊन तो साताऱ्याला गेला. त्या घाटावर मी नंतर कितीदा तरी गेलो, त्याच जागेवरून, त्याच कॅमेऱ्याने. पायऱ्या रिकाम्याच येतात. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, “बाबूजी, उस दिन तो आप दोनों थे.”

त्या सकाळी फोटोत कोण उभं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी तिथे एकटा का गेलो होतो, हे मात्र नीट सांगता येतं... थोरातला ते अजून सांगितलेलं नाही.