शिंतोड्यांची आंघोळ

आमच्या आत्याने कधी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. अगदीच वेळ आली तर "बरं हाय, टाकून द्यावं असं नाय" इथवर ती जायची. आमचं घर पळसदरीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडच्या गाड्या जायला लागल्या की ती ओट्यावर बसून मोठ्याने म्हणायची, "पानी बघायला गाडी करून येतात. यांच्या घरात बादल्या नाय काय?"

आत्या बाबांची थोरली बहीण. नवऱ्याने टाकली तेव्हा भावाकडे आली, ती कायमची. घरातलं पाणी तिच्याकडे होतं. वाडीच्या कोपऱ्यावरच्या नळावरून डोक्यावर दोन आणि कमरेवर एक असे हंडे ती आणायची. मी जरा मोठी झाल्यावर बाबा म्हणाले, आता हिला पाण्याला लावा, शाळेचं नंतर बघू. मी एक लहान हंडा आणला. आत्याने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. बाबांना म्हणाली, "हिच्या डोक्यावर हंडा बसत नाय. मान वाकडी हाय पोरीची. धाडा शाळेत, तितं काय दिवे लावते ते बघू."

मला ते फार लागलं. मी आरशात कितीतरी वेळा मान बघितली. सरळ होती. पण त्या दिवसापासून मला कुणी हंड्याला हात लावू दिला नाही. मी कर्जतच्या शाळेत गेले, पुढे कॉलेजात गेले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आत्या मात्र वाडीभर सांगत राहिली, की आमच्या पोरीला हंडा येत नाही. पदवीचा निकाल सांगितला तेव्हा तिने विचारलं, "झाली पास? मंग आता आमाला शिकवायला येऊ नको."

मला खालापूरला कचेरीत नोकरी लागली आणि काही वर्षांनी मी घराला बाथरूम जोडलं. गच्चीवर टाकी बसवली, आत शॉवर लावला. मला वाटलं, हिने जन्मभर पाणी वाहिलं, आता पाणी आपणहून हिच्या अंगावर येईल. आत्याने मान वर करून शॉवरकडे पाहिलं. "देव चार मैने वरनं ओततो ते पुरलं नाय काय? ही शिंतोड्यांची आंघोळ तुमीच करा." आणि त्याच शॉवरच्या खाली पाट मांडून ती बादली-तांब्याने आंघोळ करायला लागली. तिने त्याची तोटी कधीही फिरवली नाही.

टाकीकडून येणाऱ्या पाइपावर पाणी बंद-चालू करायचा एक वॉल होता. त्याला हात लावायचा नाही, हा आत्याचा कायदा. वाडीत पूर्वी सगळेच नळ उघडे ठेवत आणि खाली परात ठेवत. परात वाजली की पाणी आलं. नळ बंद ठेवणारी बाई तिच्या मते बिनडोक. आता चोवीस तास पाणी आहे, असं मी किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, "आज हाय. उद्या नसलं तर कळनार कसं?" त्यामुळे तो वॉल बसवल्या दिवसापासून उघडाच राहिला.

मग शॉवर गळायला लागला. सुरुवातीला आत्याने त्याच्याखाली हंडा लावला आणि ते पाणी कढीपत्त्याला घातलं. शिवाय शॉवरला रोज ऐकवायची, "तुझ्यापेक्षा म्हातारी म्हस बरी, तिची धार तरी धड पडते." पण सतत ओल राहून फरशी शेवाळली. एका सकाळी तिचा पाय सरकला. बादलीचा काठ धरला म्हणून कंबर वाचली. मी घाबरून म्हणाले, "उद्यापासून मी तुला आंघोळ घालणार."

तिचा चेहरा असा मी पूर्वी पाहिला नव्हता. "मला दुसऱ्यानं आंघोळ घालायची ती एकदाच," ती म्हणाली. "तवा मी बोलायला नसन. तोवर माझी मी करीन." थोड्या वेळाने ओट्यावरून हाक आली, "बोलाव गं तुझ्या फिटरला."

कर्जतहून अस्लम आला. शॉवरची तोटी उघडायची तर आधी वॉल बंद करायला हवा. वॉल जागचा हलेना. त्याने तेल सोडलं, ठोकलं, मोठा पाना लावला.

"मावशी, वॉल जाम झालाय."

"बसून खाल्लं की कोन पन जाम व्हतो. तुजं पोट बघ."

"मावशी, पोट फिरतं माझं, हा नाय फिरत," अस्लम म्हणाला, आणि जोर लावताच वॉलचं चाक तुटून त्याच्या हातात आलं.

"आला मोठा कारागीर! देवळात नारळ फोडायला जा."

आता वॉलच बदलायचा, म्हणजे टाकी रिकामी करायला हवी. टाकी सकाळीच गच्च भरली होती. "मोरीत सोडून देतो," अस्लम सहज म्हणाला. आत्या दारात आडवी उभी राहिली. "मोरीत? मी जिती असताना?"

तिने मला वाडीत पिटाळलं. घराघरांतून बाया हंडे, कळश्या घेऊन आल्या. आत्या बाथरूमच्या दारात स्टुलावर बसली आणि एकेकीला झोडपू लागली. "हंडा हाय का काजळाचं डबडं?" "गळतंय ते बुड! तुजं ध्यान कुटं?" तरी टाकी अर्धी राहिलीच. मोठं पिंप फक्त शेजारच्या मंदाकाकूकडे होतं. पूर्वी नळावरच्या रांगेत आत्याचा हंडा कुणीतरी मागे सरकवला होता. ते काम मंदाकाकूचंच, असं आत्याचं म्हणणं. तेव्हापासून कुंपण एक असूनही दोघी बोलत नव्हत्या.

अस्लम पाना घेऊन वाट बघत होता. शेवटी कुंपणाकडे तोंड करून आत्या मला म्हणाली, "ज्यांच्याकडं पिंप हाय त्यांना सांग, पानी फुकट चाललंय."

पलीकडून आवाज आला, "तिला सांग, मी बहिरी नाय."

पाणी पिंपात न्यायला मंदाकाकू हंडा घेऊन आली. तिने तो नळाखाली लावला, आत्याने हाताने सरळ केला.

"तवा पन असाच वाकडा लावायचीस."

"आन् तू तवा पन अशीच वचावचा बोलायचीस."

पिंप भरेपर्यंत दोघी भांडत होत्या. नंतर चहा झाला, तेव्हा दोघी मिळून अस्लमला बोलत होत्या.

नवा वॉल बसला, शॉवरचं गळणं थांबलं, फरशी खरवडली. महिन्यातून एकदा वॉल फिरवत जा, म्हणजे जाम होणार नाही, असं अस्लम सांगून गेला. "आता लोखंडाला पन व्यायाम लागतो!" आत्या म्हणाली. पण पुढे दर अमावास्येला ती स्वतः तो वॉल बंद करायची, पुन्हा उघडायची आणि "फिर मेल्या" म्हणायची. आंघोळ तिची तीच करत राहिली, बादलीने, शॉवरखाली बसून. गेली त्या सकाळीसुद्धा करून आली होती, केस ओले होते.

तिला अंगणात पाटावर ठेवलं. कुणीतरी बाथरूमकडून रबरी नळी ओढत आणली, तेवढ्यात कुंपणाजवळून मंदाकाकू ओरडली, "ते शिंतोड्याचं पानी लावू नका गं तिला! उठून बसंल आन् शिव्या घालंल." ती स्वतः डोक्यावर हंडा घेऊन आली. "अजून एक लागंल," म्हणाली. बाकीच्या बाया आत्याजवळ होत्या, म्हणून मी गेले. काकूच्या पिंपातून हंडा भरला, पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर घेतला. कुंपणाला वळसा घालून अंगणात आले. एक थेंब सांडला नाही.

मंदाकाकू माझ्या मानेकडे बघत राहिली. मग तिने तांब्या बुडवला आणि आत्याकडे वळली.

"बसतो की गं हिच्या डोक्यावर हंडा," ती म्हणाली. "खोटारडी मेली."

आणि हलक्या हाताने पहिला तांब्या ओतला.