खालून उघडणारी रायफल

आमच्या घरात भांडायला कारण लागत नाही, पण त्या वर्षी मिळालं ते चांगलं भारदस्त होतं. शेजारीपाजारी सोफ्याच्या रंगावरून अबोला धरतात. आम्ही नवरा-बायको, हे बँकेतून निवृत्त आणि मी मराठी शाळेत शिक्षिका, उधन्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिकारीच्या रायफलीचं मॅगझीन कसं असावं यावरून एकमेकांशी बोलेनासे झालो होतो.

शिकार आमच्या घराण्यात कुणी केलेली नाही. धुळ्याकडची माणसं आम्ही, उंदीर मारायचा तरी सासूबाई दहा वेळा देवाचं नाव घेतात. शिवाय शिकारीवर बंदी येऊन जमाना झाला. पण शिकारीच्या जुन्या रायफली अजून लायसन्सवाल्यांकडे आहेत, आणि आमच्या नेमबाजीच्या क्लबात त्या घेऊन पुठ्ठ्याच्या रानडुकरांवर नेम धरतात. बारडोलीच्या रस्त्याला उसाची शेतं संपली की मातीचा उंच बांध घातलेलं मैदान आहे, तीच आमची रेंज. हे तिथे वर्षानुवर्षं जात. क्लबाच्या टीममधले खंदे नेमबाज. मी त्यांच्यामागे खुर्ची टाकून दुर्बिणीतून पुठ्ठा बघायची आणि गोळी कुठे लागली ते ओरडून सांगायची. सगळे म्हणत, भाभीसारखा स्कोअर कुणी बघत नाही. कौतुक होतंच ते, पण मला त्याचा राग यायचा. मागच्या खुर्चीतून मला प्रत्येकाची चूक दिसत होती आणि पुढच्या चटईवर जायला कुणी सांगत नव्हतं.

शेवटी मीच गेले. क्लबाची रायफल घेऊन शिकले, परीक्षा दिली, लायसन्सही मिळवलं. पोलीस चौकशीला आलेला हवालदार आधी यांच्याकडेच बघून प्रश्न विचारत होता, ती गोष्ट वेगळी.

आणि मग यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की रायफलीचा धक्का आता कायमचा बंद. टीममधली यांची जागा रिकामी झाली. क्लबाचे सेक्रेटरी निवृत्त पोलीस अधिकारी, शिस्तीचा माणूस. त्यांनी जाहीर केलं की दसऱ्याच्या स्पर्धेत जो पहिला येईल तो त्या जागेवर अहमदाबादला खेळायला जाईल. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की वर्गात फळ्यावर लिहिताना मी श्वास रोखून धरायची.

हे म्हणाले, "माझीच रायफल तुझ्या नावावर करून घेऊ. हाताखालून गेलेली आहे."

यांच्या रायफलीला सुटं मॅगझीन. म्हणजे काडतुसांची लोखंडी डबी खालून खट्‌कन लावायची आणि खट्‌कन काढायची. झटपट काम, आणि दुसरी डबी खिशात असली तर आणखी झटपट. क्लबात बहुतेकांकडे तसलीच. पण मी मागे बसून काय काय पाहिलं होतं! डबी नीट बसलीच नाही म्हणून ऐन वेळी जमिनीवर पडली. डबी स्कूटरच्या डिकीत राहिली आणि डिकीची किल्ली बायकोकडे. एकदा तर आमचे हेच डबी घरी विसरले आणि सबंध सकाळ दुसऱ्यांचे नेम बघत बसले. मी तर चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधणारी बाई. सुटी वस्तू माझ्या हवाली करणं म्हणजे ती हरवायला देणं.

"मला माझी वेगळी घ्यायची आहे," मी म्हटलं.

चौक बाजारातल्या दुकानदाराने काउंटरवर दोन जुन्या रायफली ठेवल्या. परदेशी नवीन माल येत नाही, म्हणून जुन्याच या हातातून त्या हातात जातात. पहिलीचं मॅगझीन बंद पोटाचं. काडतुसं वरून भरायची आणि काढायची झाली तर बोल्ट, म्हणजे वरचा सरकता दांडा, मागेपुढे करून एकेक बाहेर फेकायची. दुसरीही वरून भरायची, पण तिच्या पोटाला झडप होती. चापाच्या पुढे एक छोटं बटण. ते दाबलं की तळ बिजागरीवर उघडायचा आणि सगळी काडतुसं हातात. मी दाबलं, उघडलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. लहान मुलासारखं मला ते सोडवेना.

दुकानदार हसला. "बेन, आमां एक वांधो छे. भूलथी बटन दबाई जाय तो बधुं नीचे."

"पाहिलंस?" हे लगेच म्हणाले. "भर स्पर्धेत पोट उघडलं की सगळं मातीत. मग रडत येऊ नकोस माझ्याकडे."

मी रायफल उभी धरली आणि दस्ता काउंटरखालच्या लाकडी फळीवर चांगला दणकून आपटला. दुकानदार दचकला. पुन्हा आपटला. झडप जागची हलली नाही.

"ही द्या," मी म्हटलं.

"बेन, लाइसन्समां एक वार चढी गई एटले चढी गई हों. पछी बदलवानी माथाकूट."

"चढवा."

उधन्यापर्यंत हे स्कूटरवर एक शब्द बोलले नाहीत. पुढेही चहा पाहिजे का, गॅस आला का, एवढंच. मला वाईट वाटत होतं. त्यांची जागा, त्यांची रायफल, दोन्ही मी घ्याव्यात असं त्यांना मनातून वाटत होतं, म्हणजे त्यांचं थोडं तरी तिथे राहिलं असतं. हे कळत होतं मला. पण दुसऱ्याच्या हत्याराने दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं, तर मग मी मागची खुर्ची सोडली कशाला?

क्लबात चेष्टेला ऊत आला. कुणी म्हणे भाभीची रायफल टिफिनसारखी आहे, कुणी विचारी आज डब्यात काय आणलं. माझ्या बरोबरीने त्या जागेसाठी उतरलेला एक तरुण होता, हिऱ्याच्या कारखान्यातला. हात असा स्थिर की बघत राहावं. तो मात्र चेष्टा करत नसे. मला त्याचीच भीती वाटायची.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी पाटावर शस्त्रं मांडायला लावली. विळी, कात्री, यांचा स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन रायफली. नियमाप्रमाणे मी दोन्ही रिकाम्या करून बोल्ट मागे ओढून ठेवले होते. झेंडूचे हार घातले. सासूबाईंनी कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर घेतल्या.

"आई, थोड्याच. आत जातील."

"चूप बस. हत्यारनी पूजा अशी कोरडी व्हस का कधी?" म्हणून त्यांनी सढळ हाताने मूठ रिकामी केली. मी नंतर फडक्याने रायफल पुसली, झेंडूच्या पाकळ्या झटकल्या. वरचं सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि निघायला उशीर होत होता.

रेंजवर फाफडा-जलेबीचा स्टॉल लागला होता. नऊ रात्री गरबा खेळून अर्धा क्लब जांभया देत होता. तो हिऱ्यावाला तरुणसुद्धा डोळे चोळत चटईवर आडवा झाला, पण रायफल खांद्याला लागली की त्याची झोप उडाली. एका मिनिटात पाच गोळ्या मारायच्या होत्या. त्याने पाची मारल्या, चार पुठ्ठ्याच्या डुकराच्या काळजाच्या गोलात, एक रेषेवर. टाळ्या पडल्या. त्याला हरवायचं तर मला पाचही आत हव्या होत्या.

माझ्या जुन्या खुर्चीत दुर्बीण घेऊन हे बसले होते. माझ्या मागे सासूबाई आपट्याची पानं घेऊन उभ्या. शिट्टी झाली.

पहिली गोळी सुटली आणि मला माहीत होतं ती कुठे गेली. दुसरीही. तिसऱ्यासाठी बोल्ट पुढे ढकलला आणि तो हलका गेला. फार हलका. काडतूस वर आलंच नव्हतं. बोल्ट मागे ओढून पाहिलं. काडतुसांना वर ढकलणारी पट्टी आत तिरकी होऊन अडकून बसली होती, आणि तिच्या कडेला एक लालबुंद तांदूळ.

स्पर्धेचा नियम साधा होता, अडलं तर तुमचं नशीब, घड्याळ थांबत नाही. बंद पोटाची रायफल असती तर मी तिथेच संपले होते. यांची असती तर डबी काढली असती खरी, पण डबीच्या तळाशी चिकटलेली अक्षता त्या वेळात निघते कशाला! आणि खिशातली दुसरी डबी मी नक्की घरी विसरले असते.

नळी समोर ठेवूनच मी बटण दाबलं. झडप उघडली. काडतुसं, स्प्रिंग, पट्टी आणि सासूबाईंचा आशीर्वाद, सगळं माझ्या ओंजळीत. तांदूळ मातीत झटकले, पट्टी बोटाने सरळ केली, झडप लावली, वरून तीन काडतुसं भरली. मला मजा वाटायला लागली होती, इतकी की मी चक्क हसत होते. आजवर मागच्या खुर्चीत बसून जे जे गिळलं होतं, ते सगळं त्या तीन गोळ्यांत मी समोर पाठवलं. शेवटची सुटली आणि लगोलग शिट्टी.

हे दुर्बिणीला डोळा लावून होते. तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "तिसरी खांद्याच्या किंचित मागे. चौथी अगदी मधोमध. पाचवी खाली, पण आत."

यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग दुर्बीण सेक्रेटरींकडे दिली, म्हणाले, "तमे ज जुओ साहेब, मारी आंखनो भरोसो नथी."

सेक्रेटरींनी पाहिलं, पुठ्ठा आणवला, बोट ठेवून एकेक भोक मोजलं. पाचही आत. तो तरुण उठून आला आणि वाकून माझ्या पाया पडला. मी त्याला घट्ट मिठी मारली. सासूबाईंना काय घडलं ते कुणीतरी समजावलं, तर त्या कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "मन्याच अक्षदा व्हत्या ना त्या? म्हनीसन जिकनी ती!"

सेक्रेटरी माइकवर गेले. दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "चालो, साहेबनी जग्या घरमां ज रही!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी ओठ आवळले. तेवढ्यात आमच्या ह्यांनी माइक हातात घेतला. क्लबात हे कायम गुजरातीच बोलतात, अगदी माझ्याशीसुद्धा. त्या दिवशी मराठीत बोलले.

"घरात कुठे राहिली? माझी जागा गेली. ही जिंकली ती हिची."

अशा वेळी बाईमाणसाने खाली बघायची रीत आहे. मी खाली बघितलं नाही. रायफल खांद्याला अडकवून सरळ समोर बघत उभी राहिले आणि म्हटलं, "बरोबर बोलले."