काका गाडीवर आहेत

मोबाइलशी इतक्या इमानाने वैर करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. आणि गंमत अशी की मी पाहिलेल्या सगळ्या मोबाइलांमध्ये सर्वांत जपलेला मोबाइलही त्याच माणसाचा होता. आम्ही त्यांना व्हॅनवाले काका म्हणायचो. नांदेडहून लोह्याला रोज अप-डाऊन करणारी आम्ही सहा माणसं, म्हणजे पाच शिक्षक आणि बँकेत नव्याने लागलेली मी, सकाळी नऊला लातूर फाट्यावर त्यांच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये बसायचो. गाडी सुरू करण्याआधी काका खिशातून फोन काढायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसायचे, स्टीलच्या एका डब्यात ठेवायचे, आणि झाकण लावून तो डबा पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर द्यायचे. घरातलं तान्हं बाळ जेवढ्या काळजीने दुसऱ्याच्या हाती द्यावं, तेवढ्याच काळजीने. "घ्या वकीलपत्र," असं म्हणायचे आणि मगच चावी फिरवायचे.

पुढच्या सीटवर बसणारा माणूस काकांचा त्या दिवसाचा वकील. डब्यात फोन वाजला की झाकण काढायचं, फोन उचलायचा आणि म्हणायचं, "काका गाडीवर आहेत. निरोप सांगा." निरोप डोक्यात ठेवायचा आणि सोनखेडला चहासाठी गाडी थांबली की सांगायचा. वाटेत एक अक्षर बोलायचं नाही. एकदा एका नव्या शिक्षकाने फोन कानाला लावूनच विचारलं, "काका, मेकॅनिक म्हणतोय, उद्या येऊ का?" काकांनी रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं, "सर, मी फोनवर बोलून नाही राहिलो, पण तुम्ही मला बोलायला लावून राहिले. फरक काय झाला? आपला कान बी गाडीतच पाहिजे." त्या सरांनी मुकाट्याने फोन डब्यात ठेवून झाकण लावलं.

मी ही पुढची सीट जिवावर आल्यासारखी टाळायची. मला अनोळखी माणसांशी फोनवर बोलता येत नाही. समोरचा "हॅलो" म्हणाला की माझे शब्द इंग्रजीत जमा होतात आणि मराठीत बाहेर यायला नकार देतात. मी मेसेज करणाऱ्या जातीची. म्हणून पावणेनऊलाच येऊन मागच्या कोपऱ्यात बसायची. पण एका सोमवारी उशीर झाला, आणि पुढची तेवढी सीट माझी वाट बघत होती. डबा मांडीवर आला. विष्णुपुरी येईपर्यंत वाजला नाही म्हणून मी मनातल्या मनात आभार मानत होते, तेवढ्यात वाजला. मी "काका गाडीवर आहेत" इतकं हळू म्हटलं की पलीकडच्या माणसाने "कोण वारलं?" असं घाबरून विचारलं. मागे सगळे हसले. काका हसले नाहीत. सोनखेडला चहाचा पहिला कप माझ्या हातात देऊन म्हणाले, "पहिली केस कोणाची बी हरतेच, म्याडम. उद्या पुन्हा पुढं बसायचं." तेव्हापासून मी वकीलबाई झाले, ती कायमची.

काकांची म्हणून एक सभ्यता होती. समोरून कुणी मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून मोटरसायकलवर येताना दिसला की बाकीचे ड्रायव्हर हॉर्न बडवतात, शिव्या देतात. काका गाडी डावीकडे घ्यायचे, वेग कमी करायचे आणि डोक्यावरची टोपी काढायचे. "मंत्र्याच्या ताफ्याला जागा देतोच ना आपण? हा तर थेट वरच्या दरबारात चाललाय. ह्याचा मान मोठा." एकदा सिग्नलला शेजारीच असा एक बाप थांबला. मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी, आणि बापाचं फोनवर खताच्या पोत्यांबद्दल चाललेलं. काकांनी काच खाली करून बापाला नाही, मुलीला विचारलं, "बाळा, पप्पाची मान अशीच हाय का पहिल्यापासून? दवाखान्यात दाखवा." बापाने फोन खिशात घातला. मुलगी मात्र हिरवा लागेपर्यंत काकांकडे बघून खुदुखुदु हसत होती.

पोलिसांनाही काकांनी सोडलं नव्हतं, पण तेही त्यांच्या पद्धतीने. एका सकाळी हवालदार कागदपत्रं तपासत होते आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी संकोचून तो बंद केला. काका म्हणाले, "बोला ना साहेब, तुम्ही उभे हाव. उभ्या माणसाला पूर्ण अधिकार हाय." दुसऱ्या खेपेला मात्र काका आपण होऊन त्याच हवालदारांसमोर गाडी थांबवून उतरले आणि "माझ्यावर पावती फाडा," म्हणून हटून बसले. झालं होतं असं की डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, फोनचा उजेड पडला आणि काकांनी एक क्षण तिकडे बघितलं. हवालदार म्हणाले, "काका, नुसतं बघितलं म्हणून पावती कशी फाडू?" काका म्हणाले, "तीच तर तुमच्या कायद्यात खोट हाय." हवालदारांनी शेवटी हात जोडले, आणि आम्ही दहा मिनिटं उशिरा लोह्याला पोचलो.

कायदा हा काकांचा खास विषय. गणिताचे सर त्यांना मुद्दाम छेडायचे. "काका, कायदा तर आहेच की. फोन हातात धरला की दंड. आता अजून काय फाशी द्यायची?"

"हातात धरला की दंड. आणि कानात ते बोंडूक घातलं की माफ? हात मोकळे अन् डोकं गहाण! बंदी करायची तर पुरी करा. स्टेअरिंगवर बसला की फोन बंद."

"अहो, पण माणसाला अडचण असते. दवाखाना असतो, घरचं असतं."

"मग गाडी थांबवा. रस्ता कुठं पळून जातो? आणि सर, मला एक सांगा, उचलणाऱ्याला दंड, मग करणाऱ्याला काय? त्याला हार घालायचा? पहिला गुन्हा तर त्याचाच हाय."

मुख्याध्यापिका बाई मागून म्हणायच्या, "करणाऱ्याला काय स्वप्न पडतंय का काका, समोरचा गाडीवर आहे म्हणून?"

"विचारावं. तोंड कामून दिलंय देवानं?"

हे ते नुसतं बोलत नव्हते. काकांनी फोन केला की "हॅलो" नाही, "नमस्कार" नाही. पहिलं वाक्य एकच असायचं, "हात मोकळे हायत का?" समोरून हो आलं तरच पुढचं. बायकोला, मेकॅनिकला, दूधवाल्याला, एकदा तर गॅसच्या नोंदणीच्या आपोआप बोलणाऱ्या आवाजालाही त्यांनी आधी हेच विचारलं होतं. माझी आई रोज सात वाजता फोन करायची आणि मी फाट्यावरून घरी जाताना स्कूटीवर हेल्मेटच्या आत फोन खुपसून तिच्याशी बोलायची, हे मी काकांपासून लपवून ठेवलं होतं. पण त्यांच्या गाडीत महिनाभर बसल्यावर माझं मलाच ते जमेना. आईला सांगितलं, साडेसातला कर.

वकिलीत एक कलम तातडीचंही होतं. खरोखरच थांबता येणार नाही असा फोन आला तर वकिलाने बातमी सांगायची नाही, "काका, थांबा" असंही ओरडायचं नाही. फक्त म्हणायचं, "काका, पाणी पाहिजे." मग ते जागा बघून गाडी बाजूला घेणार. "चांगली बातमी असली तरी असंच," ते बजावायचे. "चांगली बातमी तर लई बेकार. वाईट बातमीनं माणूस ब्रेक दाबतो, चांगलीनं रेस दाबतो." या कलमाचा परिणाम असा झाला की आमच्या गाडीत उन्हाळ्यातही कुणी पाणी मागत नसे. एकदा चित्रकलेच्या बाईंनी चुकून मागितलं, तर काकांनी गाडी बाजूला घेतली, चावी काढली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "सांगा, कोण?" बाईंनी त्यानंतर घसा कोरडा ठेवूनच लोहा गाठला.

त्या दिवसांत काकांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी लातूरला होती. काकूही तिच्याजवळ होत्या. पोरीचं रक्त कमी होतं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण सोनखेडच्या चहावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काका डबा माझ्याकडे देताना तो एक क्षण जास्त धरून ठेवायचे.

गुरुवारी विष्णुपुरी मागे पडली आणि डबा वाजला. काकू होत्या. मी "काका गाडीवर आहेत" म्हणायच्या आतच त्या बोलायला लागल्या, "कोण, वकीलबाई का? माय, पोरीला आत नेलंय. सीझर करून राहिले. रक्त लागतंय म्हणले. जावई पुण्याहून निघालेत, अजून पोचले न्हाईत. ह्यांना म्हणावं लवकर या." मी "हो" म्हटलं आणि फोन डब्यात ठेवला. झाकण लावून मी ओढणी डब्यावर ओढून घेतली, काकांना माझे हात दिसू नयेत म्हणून. पुढे अरुंद पूल होता, मागे उसाचा ट्रॅक्टर. मी पूल जाऊ दिला. ट्रॅक्टर जाऊ दिला. तेवढा वेळ त्यांना माहीत नसलेलं सगळं मला एकटीला माहीत होतं. मग रस्ता रुंद झाला, एक लिंबाचं झाड दिसलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ठणठणीत आवाजात म्हणाले, "काका, पाणी पाहिजे."

काकांनी आरशात बघितलं. डावा इंडिकेटर दिला. वेग कमी केला, गाडी लिंबाखाली घेतली, हँडब्रेक ओढला, चावी काढली. इतक्या शांतपणे थांबवलेली गाडी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "बोला, वकीलबाई."

मी सांगितलं. काकूंचे शब्द जसेच्या तसे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातली चावी मागे गणिताच्या सरांकडे दिली. "सर, पुढं या. आता हे हात गाडीच्या कामाचे नाहीत." सर स्टेअरिंगवर बसले, मी मागे गेले, काका वकिलाच्या सीटवर, डबा त्यांच्याच मांडीवर. लोह्यापर्यंत त्यांनी काकूंना एकच फोन केला, आणि त्या वेळीही पहिलं वाक्य तेच, "हात मोकळे हायत का?" वाटेत सरांच्या खिशात फोन वाजला. काका पुढे बघत म्हणाले, "वाजू द्या, सर."

शिक्षकांच्या शाळा भरायच्या होत्या. बँकेला थोडा वेळ होता म्हणून लोह्याच्या स्टँडवर लातूरची बस येईपर्यंत मी काकांजवळ थांबले. काकाच बोलले.

"वकीलबाई, माझा लहाना भाऊ होता. मोटरसायकलवर चालला होता अहमदपूरहून. मी फोन केला. त्यानं उचलला, मोठ्या भावाचा फोन म्हणून. काय विचारलं मी? येताना मेथी आणतो का. तो हाव म्हणला. तेवढंच." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "पंचनाम्यात लिहिलं, मोबाइलवर बोलत होता, चूक त्याची. कागदावर माझं नाव कुठंच नाही. मी सांगाया गेलो होतो. साहेब म्हणले, घरी जा, काका. असं कलमच नाही."

बस आली. ते चढले, खिडकीशी बसले, डबा मांडीवर घेतला आणि बस निघाली.

दुपारी अडीच वाजता बँकेत माझा फोन वाजला. "वकीलबाई, हात मोकळे हायत का?" माझ्या हातात कुणाचा तरी अर्ज होता, मी तो खाली ठेवला आणि दोन्ही हात मोकळे करून हो म्हटलं. "नात झाली. दोघी बऱ्या हायत." मग पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मीही काही बोलले नाही. फोनवर गप्प बसणं मला तेवढं चांगलं येतं.

आता माझी बदली लातूरला झाली आहे. स्कूटीवर असताना फोन वाजला तर वाजू देते. त्या गाडीत शिकलेली गोष्ट अजून मोडलेली नाही. फक्त एकदा चुकले. मागच्या आठवड्यात सकाळी सव्वानऊला बँकेच्या पायऱ्यांवर उभी होते. व्हॅन त्या वेळी विष्णुपुरीच्या पुढे असते हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी काकांना फोन लावला. दोन रिंग झाल्या. मग एक नवा आवाज, माझ्यापेक्षाही हळू, घाबरत म्हणाला, "काका गाडीवर आहेत. निरोप सांगा."

निरोप काहीच नव्हता. मागून हसण्याचे आवाज येत होते, गाडीचा ओळखीचा खडखडाट येत होता. काकांच्या कायद्याने पहिला गुन्हा माझाच होता. मी म्हटलं, "काही नाही. मी साडेसातला करते," आणि फोन ठेवून जरा वेळ पायरीवर तशीच उभी राहिले. दोन्ही हात मोकळे.