पायाळूची चौकशी

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या ह्यांना पडक्या देवळांचा नाद, मला पाखरांचा. म्हणून सुट्टी मिळाली की लातूरहून कार काढायची आणि दोघांची हौस एकाच जागी भागवायची. पडक्या देवळात पाखरं असतातच.

देगलूरकडच्या त्या देवळात मात्र पाय ठेवला अन् मी दारातच थबकले. गाभाऱ्यातली फरशी उचकटलेली, खाली ताजा खड्डा, कडेला कापलेली लिंबं. गुप्तधनवाले येऊन गेले होते. "चला इथून," मी म्हणाले. पण नेमकं वर कोपऱ्यात पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलेलं, आणि मीच फोटो काढत रेंगाळले. तेवढ्यात हे पडलेल्या खांबावरचा लेख वाचायला वाकले, ते वाकलेलेच राहिले. उसण भरली.

कसंबसं गावातल्या चहाच्या हॉटेलापर्यंत आणलं त्यांना. चहा करणारी बाई, तिची लहान लेक, बाकावर दोघं-तिघं बाप्ये. बाईची नजर माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीवरून हलेना. मलाही तिचं लक्षण ठीक दिसेना. खड्डा कुणी खणला हे हिला ठाऊक असणार! आणि आमच्या शहाण्यानं तिलाच विचारलं, "मावशी, गावात कुणी पायाळू हाय का?"

आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याचा, पाय पाठीला लावून घेतात. ह्यांच्या घरी लहानपणापासून हाच उपाय. पण गुप्तधनवाल्यांनाही पायाळूच लागतो. त्याला जमिनीतलं दिसतं म्हणे, आणि पुढे त्या लेकराचं काय करतात ते बोलवत नाही. हे माझ्या डोक्यात येईस्तोवर बाईनं लेकीला दंडाला धरून आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

बाकावरच्या एकानं टेबलावरची आमच्या कारची किल्ली उचलली. "दुर्बिणीतून काय बघत व्हते देवळात?"

"पाखरं! अहो, पाखरं बघतो आम्ही!" मी तडकून कॅमेराच पुढे केला. पहिलाच फोटो घुबडाचा.

"घ्या! पूजेला घुबडबी हेरून ठेवलंय की," तो बाकीच्यांना म्हणाला.

मग मात्र माझी तंतरली. घाबरले की मी जास्तच भांडते, तशी भांडले. हे मधे पडायला उठू गेले आणि कळवळून बाकावर आडवे झाले, घामाघूम. बाईनं जवळ येऊन त्यांच्या पाठीला हात लावून बघितला.

"दुखणं खरं हाय," ती म्हणाली. "द्या त्यांची किल्ली. पर लेकीचा पाय न्हाई लावू देणार मी. मागल्या खेपेला आले तेबी असेच कारवाले, बोलायला लई गोड. पोरीला बिस्किटं दिली अन् हेच इचारलं. तवापासून शाळेत धाडीत न्हाई तिला."

"पण त्यांना सांगितलं कुणी, ही पायाळू आहे म्हणून?" माझा संशय अजून बाकावरच्या त्या बाप्यांवरच.

"मीच," ती म्हणाली. "कवतिकानं सांगितलं."

ह्यांना धरून कारमध्ये बसवलं. खिडकीच्या गजांतून पोरगी बघत होती. तेवढ्या दुखण्यातही ह्यांनी तिला टाटा करायला हात उचलला. मी तो धरून खाली ओढला.