खाडीतली तिवरं

सौदी अरेबियात रास तनुराजवळच्या खाडीत आम्ही पहिल्यांदा तिवरं लावली, तेव्हा बरीच माणसं आली होती. वसाहतीतली भारतीय कुटुंबं आणि काही सौदी शिक्षिका यांनी मिळून ठरवलेला तो कार्यक्रम होता. मी तिथल्या दवाखान्यात नर्स, नवरा रिफायनरीत. माझं माहेर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं, त्यामुळे खाडीचा चिखल मला नवा नव्हता. अंगावरचा पायघोळ अबाया वर खोचून, गमबूट घालून मी ओहोटीला उतरले. रोपं लावली, फोटो काढले, बिर्याणी खाल्ली आणि सगळे घरी गेले.

त्याच हिवाळ्यात बहुतेक रोपं मेली. भरतीबरोबर येणारं हिरवं शेवाळ कोवळ्या काड्यांना गुंडाळायचं आणि त्याच्या वजनाने रोप आडवं व्हायचं. वर प्लास्टिकच्या पिशव्या अडकायच्या. पुढच्या वेळी मोजकी माणसं आली. त्यानंतर आम्ही दोघंच.

किनाऱ्यावर एक म्हातारा सौदी कोळी होडी दुरुस्त करत बसलेला असायचा. तो मला उख्ती, म्हणजे बहीण म्हणायचा. तिवराला तिकडे कुरम म्हणतात.

"खलास, उख्ती," तो म्हणाला. "पूर्वी इथे सगळं कुरम होतं. भराव पडला आणि गेलं. आता येणार नाही."

मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, "होतं ना? मग पुन्हा येईल."

तो हसला आणि कामाला लागला.

शिफ्ट करून दमलेला नवरा म्हणायचा, पुरे झालं आता. मी एकटी जाते म्हटलं की मुकाट्याने गाडी काढायचा. या वेळी आम्ही थोडीच रोपं आणली आणि खाडीच्या तोंडाशी जी थोडी जुनी झाडं तगली होती, त्यांच्या आसऱ्याने लावली. शुक्रवारी जुम्याच्या नमाजाआधी ओहोटी मिळाली की जायचं, एकेका रोपावरचं शेवाळ बोटांनी सोडवायचं. आमची मुलगी इंग्रजीत विचारायची, हे काम पैसे देऊन कोणाकडून करून का घेत नाही? मी सांगायचे, शेवाळ दर आठवड्याला येतं, म्हणून आपणही यायचं.

मग माझ्या अम्मीचं ऑपरेशन ठरलं आणि मी सुट्टी घेऊन गावी गेले. नवऱ्याचं तेव्हा रिफायनरीत शटडाऊनचं, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्तीचं काम सुरू होतं, त्याला शुक्रवारही मोकळा नव्हता. परतताना मी मनाची तयारी केली होती की सगळं नव्याने लावायचं.

नवऱ्याबरोबर खाडीवर गेले तर रोपं उभी होती. काड्या स्वच्छ. काढलेलं शेवाळ वरच्या वाळूत ढीग करून वाळत पडलं होतं. म्हातारा होडीपाशी होता. मी काही बोलायच्या आत त्याने तक्रार केली, "तुझी कडेची ओळ माझ्या होडीच्या वाटेत येते. ती हलव."

आम्ही तिघांनी मिळून ती हलवली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ती झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. चिखलातून त्यांची मुळं बोटांसारखी वर आली आहेत आणि त्यांच्यामध्ये कोणीही न लावलेली रोपं उगवतात. भरतीला तिथे बोय माशाची पिल्लं थव्याने शिरतात, कोळंबीही सापडते. म्हातारा आता समुद्रात जात नाही, पण खाडीच्या तोंडाशी जाळं टाकतो आणि मिळालेल्यातलं आमच्या पिशवीत घालतो. नको म्हटलेलं त्याला चालत नाही.

पलीकडची बाजू मात्र अजून उघडीच आहे. तिथे तीनदा लावून पाहिलं, काहीच टिकलं नाही. नवे लोक येतात त्यांना मी ती बाजू आधी दाखवते आणि पहिल्या दिवशी रोप हातात देत नाही, शेवाळ काढायला लावते. काही जण पुन्हा येत नाहीत. जे येतात, ते राहतात.

नवऱ्याची निवृत्ती जवळ आली आहे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की आम्हाला जावं लागेल. तरी उघड्या बाजूला या हिवाळ्यात पुन्हा रोपं लावली आहेत, यंदा जरा वरच्या अंगाला. निम्मी गेली. येत्या शुक्रवारी ओहोटी सकाळीच आहे. बादल्या गाडीत ठेवून झाल्या आहेत.