ड्युटीवरची कुत्री

मुकुंदवाडीत आमच्या शेजारी राहणारे काका अंध आहेत. यंदाच्या टंचाईत टँकरच्या रांगेतही त्यांची कुत्री पायाशी शांत उभी असते. कुणी गोंजारायला वाकलं की ते म्हणतात, "हात नका लावू, ड्युटीवर हाय ती."

परवा मी त्यांच्यासोबत एका नव्या, चकाचक दवाखान्यात गेलो. वॉचमननं कुत्रीला दारातच अडवलं. आत मात्र एक केसाळ कुत्रं पेशंटांकडून लाड करून घेत होतं.

"ते थेरपीचं हाय," वॉचमन म्हणाला.

"ते मन रमवतं. ही मला रस्ता दाखवती."

"नियम हाय, काका."

माझं डोकंच फिरलं. काकांनी मात्र सावकाश त्याचं मनगट धरलं. "बरं. मग तू चल. डॉक्टर, औषधं, संडास, घर. उद्या सकाळी पुन्हा ये."

वॉचमननं दार उघडलं. काकांनी त्याचे आभार मानले नाहीत. मीही नाही.